ब्रायर मिळत नाही तेव्हा: तंबाखूच्या पाइपसाठी पर्यायी आणि कृत्रिम माल

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात हत्यारांची वानवा नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली, तेव्हापासून या भागात टर्नर-फिटर घरोघरी आहेत. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत लेथवर एखादा तुकडा कातून देणारा माणूस सहज सापडतो. त्यामुळे तंबाखूचा पाइप स्वतःच्या हातानं करून बघावा असं ज्याला वाटतं, त्याचं काम अडतं ते मालापाशी. पाइपचं नावाजलेलं लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी जमिनीत जी गाठ धरते, ती काढतात, तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात आणि मग कापतात. आपल्याकडे हे झुडूप नाही. आयात केलेला ठोकळा महाग पडतो, आणि त्यात आतून भेग निघाली तर सगळाच वाया.

मग लोक हाताला लागेल ते वापरतात. भंगारातला प्लास्टिकचा दांडा, पेनासाठी आणलेला इपॉक्सीचा रंगीत ठोकळा, नळाचे पितळी जोड. दिसायला छान दिसतं आणि धोका तिथेच असतो. पाइपमध्ये आग असते आणि त्या आगीवरून आलेली हवा थेट तोंडात जाते. म्हणून नियम एकच धरा: पाइपचा कुठला भाग किती तापतो हे आधी ठरवा, माल त्यानंतर निवडा. पुढचं सगळं याच नियमातून निघतं.

आधी तब्येतीबद्दल. तंबाखू कुठल्याही भांड्यात जाळली तरी तिचा धूर अपायकारकच आहे. पाइपनं तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो; कुठलाही माल, कुठलाही फिल्टर हे टाळू शकत नाही. चांगला माल वापरल्यानं तंबाखूच्या विषात आणखी एका विषाची भर पडत नाही, एवढंच. मी पाइपकडे कातकामाची एक अवघड आणि सुंदर वस्तू म्हणून बघतो, आणि ज्यांना फक्त करून शोकेसमध्ये ठेवायचाय त्यांनीही तो नीट मालाचाच करावा, कारण शोकेसमधली वस्तू उद्या कोणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखूचे पदार्थ विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. घरात मुलं असतील तर हे सामान त्यांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

तीन जागा, तीन तापमानं

पहिली जागा वाटीची, म्हणजे जिथे तंबाखू जळते. निखारा साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. शिवाय काठावर लायटरची ज्योत येते, ती हजार अंशांच्या वर असते. वाटीची आतली भिंत, तळ आणि वरचा काठ या जागी फक्त खनिज माल किंवा पेट न घेता वरवर करपून कोळशाचा थर धरणारं दाट लाकूड चालतं.

दुसरी जागा दांड्याची. वाटीतून निघालेला धूर इथून जातो. नीट ओढला तर हा भाग हाताला कोमट लागतो, घाईघाईनं ओढला तर चटका बसण्याइतका तापतो. इथे ओलावाही जमतो.

तिसरी जागा ओठांची. इथे उष्णता कमी, पण लाळ, दात आणि रोजची घासाघीस असते.

आता प्लास्टिकचे आकडे बघा. अॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. घरात वापरतो ते साधं इपॉक्सी ५०-६० अंशांतच ढिलं व्हायला लागतं. डेलरीन, म्हणजे यंत्रांच्या भागांसाठी वापरतात ते टणक अॅसिटल प्लास्टिक, १७५ अंशांच्या सुमाराला वितळतं आणि जास्त तापलं की फॉर्मल्डिहाइड सोडतं. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं, पण सतत वापरासाठी त्याची मर्यादा २६० धरतात. म्हणजे सगळ्यात सोशिक प्लास्टिकसुद्धा निखाऱ्याच्या निम्म्यावर हार मानतं.

टेफ्लॉनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘तव्याला लावतात, मग वाटीला का नको’ हा प्रश्न हमखास येतो. टेफ्लॉनचं काम चालणाऱ्या कारखान्यांत कामगारांना अचानक थंडी वाजून ताप भरत असे. हाताला लागलेली बारीक भुकटी सिगारेटला लागायची, सिगारेटच्या आगीत ती विघटित व्हायची आणि तो धूर छातीत जायचा. या आजाराला पॉलिमर फ्यूम फीव्हर म्हणतात. वाटीच्या आसपास टेफ्लॉनचा कणही असता कामा नये, आणि टेफ्लॉन कातल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखूला हात लावू नये.

जगानं करून पाहिलेले प्रयोग

कृत्रिम पाइप करायची धडपड जुनी आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली बेकेलाइट शोधलं आणि लवकरच ते पाइपच्या तोंडाच्या नळ्यांत आलं. अमेरिकेत पुढे ब्रायलॉन नावाचा माल निघाला: उष्णता सोसणारं राळ आणि लाकडाचा भुसा एकत्र दाबून केलेला. स्वस्त होता, न फुटणारा होता, पण त्यातून ओढलेला धूर गरम आणि ओलसर येतो अशी तक्रार कायम राहिली. कारण सरळ आहे. लाकूड थोडा ओलावा शोषतं, राळ शोषत नाही.

याच काळातला सगळ्यात धीट प्रयोग ‘द पाइप’ या नावानंच विकला गेला. बाहेरून फेनॉलिक प्लास्टिक आणि आत पायरोलिटिक ग्रॅफाइटचं अस्तर, म्हणजे अग्निबाण आणि क्षेपणास्त्रांच्या कामासाठी तयार केलेला माल. रंगीबेरंगी, टिकाऊ, धुऊन घेता येणारा पाइप होता तो. तरी ब्रायरची जागा त्याला घेता आली नाही. आपण त्यातून घ्यायचा धडा मात्र मोलाचा आहे. त्यांनीही आगीला प्लास्टिकपर्यंत पोचू दिलं नाही, मध्ये ग्रॅफाइट ठेवलं. आजकाल युट्यूबवर सगळी वाटीच इपॉक्सीत ओतलेली दिसते, ती पाहून हात शिवशिवले तरी ते करू नका.

अॅल्युमिनियमच्या दांड्यावर लाकडी वाटी आट्यानं बसवलेला फाल्कन नावाचा पाइप आणि सिअॅटलच्या विद्यापीठात विमानविद्या शिकवणारे फ्रेडरिक कर्स्टन यांचा धातूच्या नळीचा पाइप, हे दोन्ही मात्र टिकले. धातू धूर गार करतो, ओलावा नळीत जमतो, तो झटकून टाकायचा. इथेही वाटी लाकडाचीच आहे, हे ध्यानात घ्या.

आगीच्या जागेसाठी काय घ्यावं

लाकडात माझी पहिली पसंती बाभळीला. दाट, जड, सहज न पेटणारी. बैलगाडीची चाकं आणि औतं पिढ्यान्‌पिढ्या हिच्यातून झाली ती उगाच नाही. एकच दोष: टॅनिन भरपूर, त्यामुळे सुरुवातीला धूर तुरट लागतो. यावर उपाय तोच, जो ब्रायरवर करतात. ठोकळा उकळायचा. पाणी तांबडं झालं की बदलायचं, आणि पाणी जवळजवळ निवळ राहीपर्यंत हे करायचं. मग ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांना मेण लावून सावलीत वाळत ठेवायचा, म्हणजे तोंडाकडून भराभर वाळून तडा जात नाही. वाळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन घ्या आणि वहीत लिहा. ओळीनं काही आठवडे वजन हललं नाही की लाकूड तयार. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वर-कोयनेकडे, पावसाळ्यात लाकूड वाळवायचा खटाटोप करू नये. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. माण-खटाव, जत, आटपाडीकडची कोरडी हवा मात्र वर्षातला बराच काळ साथ देते.

पेरूचं लाकूड बारीक पोताचं आणि कातायला फार गोड आहे, पण मोठा ठोकळा मिळत नाही. चिंचेचा गाभा काळपट जांभळा, अतिशय कठीण. पटाशीची धार वारंवार लावावी लागते, तरी हाती आलेली वस्तू देखणी असते.

नको असलेली लाकडं माहीत असणं हे हवी असलेली माहीत असण्यापेक्षा महत्त्वाचं. कण्हेर कधीही नको: झाडाचा प्रत्येक भाग विषारी, हृदयावर परिणाम करणारा, आणि धूरही धोकादायक. बिब्बा नको, त्याच्या तेलानं कातडी पोळते. शिसवीच्या भुशाची पुष्कळांना अॅलर्जी होते, सागवानाच्या भुशानंही कातडी आणि श्वास चिडतो, म्हणून ही दोन्ही मी वाटीसाठी बाद धरतो. मिरज जंक्शनच्या आसपासच्या भंगारात रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसतात. त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरतात ते विषारी डांबरी तेल, मुरवलेलं असतं. प्लायवूड, एमडीएफ, रंग दिलेली जुनी दारं-खिडक्या, यांतलं काहीही आगीजवळ आणू नका.

मक्याचं कणीस हा सगळ्यात स्वस्त पर्याय, आणि मका तर सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उदंड. मूळ डच असलेले सुतार हेन्री टिबी यांनी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ मध्ये कणसाचे पाइप करायला घेतले. कणसाच्या बाहेरच्या खोबणी प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरून घासून गुळगुळीत करायच्या, या कृतीचं पेटंट त्यांनी १८७८ मध्ये घेतलं, आणि त्यांची कंपनी आजही चालू आहे. ते खास जाड गाभ्याच्या जातीचा मका लावतात आणि कणसं दोन वर्षं मुरवतात. आपल्या संकरित मक्याचा गाभा त्यामानानं बारीक असतो, म्हणून ढिगातून सगळ्यात जाड, निरोगी, बुरशी न लागलेली कणसं निवडावी लागतात. काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली की ते कणीस फेकून द्या.

मातीचं सांगायचं तर चिलीम आपल्याकडे कुंभार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, त्यामुळे माती आगीला कशी वागते हे त्यांना कोणी शिकवायला नको. खाली जी कृती देतोय तिची वाटी मातीचीच आहे.

मीअरशॉम, म्हणजे सेपिओलाइट हे हलकं पांढरं खनिज, तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या परिसरात निघतं. पाइपसाठी अप्रतिम, आपल्यासाठी खर्चीक. त्याऐवजी संगजिरं कोरायचा मोह होतो. मऊ असतं, आगीला सोसतं. पण काही खाणींतल्या संगजिऱ्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि कोरताना उडणारी भुकटी नाकात जाते. कुठल्या खाणीतलं आहे हे माहीत नसेल तर सोडून द्या.

ओठांच्या जागेसाठी: इथे कृत्रिम मालाचं राज्य

एबोनाइट हा माझ्या मते अजूनही सर्वांत चांगला माल. रबरात भरपूर गंधक घालून ते कठीण केलं की एबोनाइट होतं. दाताखाली मऊ लागतं, कानशीनं सुरेख घासलं जातं, गरम पाण्यातही वाकण्याइतकं मऊ होतं. तोटा असा की उन्हात आणि उजेडात ते हिरवट-तपकिरी पडतं आणि गंधकाची चव येते. वापर नसेल तेव्हा कापडात गुंडाळून डब्यात ठेवावं. दांडा कुठे मिळेल? राजमहेंद्रीला १९३२ पासून हातानं फाउंटन पेन घडवणारे रत्नम आहेत, आणि दक्षिणेत आणखीही पेनवाले एबोनाइटवर काम करतात. पेनासाठीचे दांडे विकणाऱ्यांकडून मागवा. पेनवाल्यांचा माल स्वच्छ आणि एकसारखा असतो.

अॅक्रिलिक रंग धरून ठेवतं, ऊन सोसतं, पण दाताला टणक लागतं आणि ड्रिल करताना तापून चिकटतं. ड्रिल हळू फिरवा, दर थोड्या वेळानं बाहेर काढून भुसा झटका, पाणी सोडत राहा.

म्हशीचं शिंग हा जुना देशी पर्याय. गरम पाण्यात वाकतं, चकाकी सुंदर येते. सतत ओलं राहिलं तर मात्र पापुद्रे सुटतात. सांबराचं शिंग जंगलात पडलेलं सापडलं तरी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बाळगणं, विकणं गुन्हा आहे, आणि कोयना-चांदोलीच्या परिसरात राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

नळी आणि दांडा जोडणारी जी बारीक खुंटी असते ती डेलरीनची करावी. एबोनाइटची खुंटी नळीतूनच काढली तर सुरेख दिसते, पण धक्का लागला की तिथेच मोडते. नायलॉन मात्र नको, कारण ते पाणी पिऊन फुगतं आणि खुंटी आत अडकते.

दुकानदार सगळ्याच पांढऱ्या दांड्यांना ‘नायलॉन’ म्हणून मोकळा होतो, तेव्हा ओळख आपणच पटवावी लागते. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला. त्यात दांड्याचा तुकडा टाका. नायलॉन आणि अॅक्रिलिक वर तरंगतात, डेलरीन तळाशी जातं. टेफ्लॉनही बुडतं, पण ते हाताला मेणासारखं निसरडं लागतं आणि त्याच आकाराच्या डेलरीनपेक्षा चांगलंच जड असतं. साध्या पाण्यावरही तरंगलं तर ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, आपल्या कामाचं नाही. पीव्हीसीचा संशय असेल तर मोकळ्या हवेत तांब्याची तार ज्योतीत लाल करा, तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की तो पीव्हीसी समजा आणि बाजूला करा. वास घेऊन ओळखायच्या फंदात पडू नका.

धातूबद्दल थोडक्यात: गॅल्व्हनाइज्ड नको, शिशाचं डाग दिलेलं काही नको. लेथवर सहज कातलं जाणारं पितळ बहुतेक वेळा शिसं घातलेलं असतं, म्हणून पितळ बाहेरच्या कड्यापुरतंच. धुराच्या वाटेत नळी लागलीच तर ३०४ स्टेनलेस घ्या.

आता करून बघू: भोपळ्याचा पाइप

पर्यायी मालातला सर्वांत सुंदर पाइप म्हणजे कॅलाबॅश. दक्षिण आफ्रिकेतून तो जगभर गेला. बाकदार मानेचा भोपळा, वर खनिजाची सुटी वाटी आणि खाली नळी. धूर आधी भोपळ्याच्या पोकळीत उतरतो, तिथे गार होतो, मग तोंडाकडे येतो. त्या भोपळ्याची वनस्पती आणि आपल्या परसातल्या दुधीची वनस्पती एकच: लॅजेनेरिया सिसेरारिया. मिरजेला तर सुकलेल्या भोपळ्याची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. इथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यासाठीचे मोठे कडू भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात. तंबोऱ्याचा भोपळा आपल्याला फार मोठा पडतो. आपल्याला हवा तळहातात मावणारा, लांब मानेचा तुंबा.

भोपळा. वेल मांडवावर न चढवता जमिनीवर ठेवला, फळ कोवळं असताना मानेखाली फळीचा तुकडा देऊन तिला रोज थोडा बाक देत गेलं, तर मान हवी तशी वळते. एकदम वळवायला गेलात तर तुटेल. फळ वेलीवरच पक्कं होऊ द्या. देठ तपकिरी होऊन वाळला की काढा. मग हवेशीर सावलीत टांगा. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तो तयार. पाण्यात भिजवून वरची पातळ साल बोथट सुरीनं खरवडून काढा.

कापणं आणि साफ करणं. बारीक दातांच्या करवतीनं रुंद तोंड कापा, पुढे मानेचं टोक कापा. तिथे १५ ते १८ मिलिमीटर व्यास मिळायला हवा. आतला गर आणि पापुद्रा वाकड्या तारेनं, मग गुंडाळलेल्या काचपेपरनं काढा. या कामाला मास्क लावा, आणि काम मोकळ्या जागी करा. कडू भोपळ्यात कुकुर्बिटासिन असतं. त्याचा रस पोटात गेला तर विषबाधा होते आणि भुकटी घशाला झोंबते. आतून कोमट पाण्यानं दोन-चारदा धुऊन पूर्ण वाळू द्या. भिंत चार मिलिमीटरहून पातळ निघाली तर तो भोपळा बाजूला ठेवा, हातात दाबला जाऊन तडकेल.

वाटी. कुंभाराकडे जाताना मापाचं चित्र काढून न्या. पक्की झाल्यावर आतला व्यास २० मिलिमीटर, खोली ३० ते ३५, भिंत ५, तळाशी मधोमध ४ मिलिमीटरचं भोक, आणि वरच्या काठाला बाहेर पसरलेली गोल किनार, जी भोपळ्याच्या तोंडावर टेकेल. माती वाळताना आणि भाजताना साधारण दहा टक्के आकसते, म्हणून ओली वाटी त्या हिशेबानं मोठी करायची. एकाच मापाच्या अर्धा डझन तरी करून घ्या. काही आव्यात वाकड्या होतात, काही तडकतात. चकाकीचा लेप बिलकुल नको, त्यात शिसं असू शकतं. भाजून आलेली वाटी बोटाच्या नखानं टिचकून बघा: खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर आत भेग आहे.

कॉर्क. वाटी भोपळ्यात घट्ट पण काढता येईल अशी बसायला हवी, म्हणून तोंडाच्या आतल्या कडेला कॉर्कची पट्टी चिकटवतात. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात गॅस्केटचं कॉर्क मिळतं, पण त्यात रबर मिसळलेलं असतं, ते नको. बाटलीचं अस्सल बूच घेऊन धारदार ब्लेडनं दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या काढा. जागेवर बसवून काचपेपरनं घासत घासत वाटीचं माप जमवा. गाळा कमी ठेवून थांबायचं, कारण कॉर्क घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही.

मानेचा जोड. मानेच्या टोकात बाभळीचा किंवा शिंगाचा छोटा कातलेला जोड बसवा, ज्याला आत ८ मिलिमीटरचं आरपार भोक असेल. ही जागा आगीपासून दूर आणि गार, त्यामुळे इथे इपॉक्सी चालतं. फक्त ते धुराच्या वाटेत ओघळू देऊ नका. आत एक मेण लावलेला दांडा घालून ठेवा, इपॉक्सी घट्ट झालं की काढून घ्या.

नळी. १६ मिलिमीटरचा एबोनाइटचा दांडा, ७० ते ८० लांब. लेथवर धरून ४ मिलिमीटरचं भोक जवळजवळ शेवटपर्यंत न्या, उरलेला शेवटचा भाग अडीच-तीन मिलिमीटरनं पुरा करा. एका टोकाला खुंटीसाठी ८ मिलिमीटरचं भोक पाडून डेलरीनची खुंटी बसवा. डेलरीनला गोंद धरत नाही, म्हणून तिच्या आत जाणाऱ्या टोकाला करवतीनं आडव्या खाचा पाडा. इपॉक्सी त्या खाचांत अडकतं. खुंटीतूनही ४ मिलिमीटरचं भोक आरपार काढा. बाहेर राहणारी तिची लांबी जोडातल्या भोकाच्या खोलीपेक्षा केसभर कमी हवी, म्हणजे नळी जोडाला अंतर न राहता भिडते.

आता नळी कानशीनं चपटी करायची. दातांत धरायच्या जागी जाडी चार ते साडेचार मिलिमीटर, टोकाला दोन मिलिमीटरची उंच कड, जिला दात अडकतो. सुईकानशीनं टोकाचं भोक आडवं, पंख्यासारखं रुंद करा. धूर जिभेवर एकाच ठिकाणी न आदळता पसरावा म्हणून हे करायचं, आणि पाइप ओढायला चांगला की वाईट हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं. वेळ काढून करा. बाक द्यायचा असेल तर आधी भोकात पाइप साफ करायचा काडीब्रश घाला, मग नळी उकळत्या पाण्यात धरा, मऊ झाली की हव्या त्या गोलाईवर वाकवून थंड पाण्यात बुडवा. ब्रश आत असल्यानं भोक चेपत नाही. एबोनाइटचा भुसा कोरडा उडवण्यापेक्षा ओल्या वॉटर पेपरनं घासा: ४००, ८००, १२००, २००० असं चढत जा.

पॉलिश. भोपळ्याला बाहेरून मधमाशीचं मेण मऊ कापडानं चोळा. कार्नोबा मेण जास्त टणक चकाकी देतं, पण त्याला फिरतं बफ लागतं. पीयू किंवा टचवूडसारखं वार्निश नको. ते छिद्रं बंद करतं, भोपळा किंवा लाकूड श्वास घेईनासं होतं आणि उष्णतेनं फोड येतात.

लाकडी वाटी करायची असेल तर

बाभळीच्या ठोकळ्यात तंबाखूचं भोक १९-२० मिलिमीटर व्यासाचं, ३५ ते ४० खोल, भिंत कुठेही ७ मिलिमीटरपेक्षा पातळ नाही. धुराचं ४ मिलिमीटरचं भोक तळाच्या बरोबर मध्यावर उतरायला हवं. वर उतरलं तर खाली ओली तंबाखू साचते, तिरपं उतरलं तर एकाच बाजूची भिंत जळते. म्हणून ठोकळा चौकोनी असतानाच, बाहेरचा आकार देण्याआधी, सगळी भोकं पाडून घ्या. चौकोनी ठोकळा गुण्यानं तपासता येतो, व्हाइसमध्ये पक्का बसतो. गोल वाटी बसत नाही.

कोऱ्या लाकडाला आतून लेप द्यावा. पाइप करणाऱ्यांमध्ये जुना चालत आलेला लेप ताक आणि कोळशाच्या पुडीचा आहे, आणि ताकाला आपल्याकडे तोटा नाही. केमिस्टकडे मिळणारी अॅक्टिव्हेटेड चारकोलची पूड घट्टसर ताकात कालवा, रंगाइतकी दाट झाली की बोटानं किंवा ब्रशनं आतून पातळ लावा. धुराच्या भोकात काडीब्रश घालून ठेवा, म्हणजे ते बुजत नाही. तीन-चार दिवस सावलीत वाळू द्या. सोडियम सिलिकेटचाही लेप देतात, पण तो लाकडाची छिद्रं बंद करतो, म्हणून मला पसंत नाही. कणसाच्या पाइपला लेपाची गरज पडत नाही. त्याच्या तळाशी मात्र कठीण लाकडाचं बूच बसवा, नाहीतर तळ सर्वांत आधी जळून जातो.

तपासणी

वाटीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि नळीतून हवा ओढा. जीभ नळीला चिकटून राहिली तर कुठे गळती नाही. चिकटत नसेल तर एकेक जोड भिजलेल्या बोटानं झाकून पुन्हा ओढा. ज्या जोडावर बोट ठेवल्यावर जीभ चिकटते, तिथून हवा शिरतेय. मग अंगठा काढून मोकळी हवा ओढा. शिट्टी वाजली तर आतमध्ये कुठेतरी धार किंवा पायरी राहिली आहे, बहुतेक वेळा खुंटीच्या टोकाशी. शेवटी काडीब्रश नळीच्या टोकापासून घाला. लाकडी पाइपमध्ये तो न अडकता वाटीच्या तळाशी दिसायला हवा. भोपळ्याच्या पाइपमध्ये तो पोकळीपर्यंत पोचला की झालं.

पेटवण्याआधी वाटी, दांडा आणि नळी किमान आठवडाभर मोकळ्या हवेत राहू द्या, म्हणजे इपॉक्सी पुरतं पक्कं होतं. पहिल्यांदा वाटी एक तृतीयांशच भरून सावकाश जाळावी. एकदम भरून जोरात ओढली तर कोऱ्या लाकडाला आतून तडा जातो, मातीची वाटीही फुटू शकते. दांडा हाताला चटका देऊ लागला की पाइप खाली ठेवून पूर्ण गार होऊ द्या. प्लास्टिकचा, राळेचा किंवा रबराचा जरासाही वास आला तर त्या क्षणी विझवा, जोड सुटे करा आणि कुठला माल तापतोय ते शोधून तो बदला. पावसाळ्यात भोपळा बुरसतो, म्हणून वाटी काढून वेगळी ठेवावी, भोपळ्याचं तोंड उघडं राहील असं उलटं टांगावं, आणि मातीची वाटी महिन्या-दोन महिन्यांनी गॅसच्या ज्योतीवर चिमट्यानं धरून हळूहळू लाल होईपर्यंत तापवावी. आतला सगळा काजळीचा थर जळून वाटी पुन्हा कोरी होते. ती पूर्ण गार झाल्याशिवाय कॉर्कमध्ये बसवू नका.